पुठ्ठ्याची रास

आत्याच्या भंगाराच्या वखारीत मी ओढणी नाकाला लावूनच शिरायचे, आणि ती ते बघून न बघितल्यासारखं करायची. नागावहून चौलकडे जाणाऱ्या आतल्या रस्त्यावर, दोन नारळाच्या वाड्यांच्या मधे, तिने ती जागा भाड्याने घेतली होती. पुढे वजनकाटा, एका अंगाला बाटल्यांच्या गोण्या, पत्र्याखाली लोखंड, आणि मागच्या मोकळ्या भागात पुठ्ठा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं किनाऱ्यावर येऊन जे टाकून जातात ते सोमवारपासून गोळा होऊन तिच्या काट्यावर यायचं. पाण्याच्या बाटल्यांचे खोके, दारूचे खोके, पर्यटकांच्या खोल्यांमध्ये नवे पंखे नि फ्रिज लागले की त्यांचे मोठाले खोके. मी एकदा म्हटलं होतं, आत्या, लोक समुद्र बघायला येतात आणि तू त्यांची रविवारची उष्टी मोजत बसतेस. त्यावर तिने मला चहा दिला होता, त्या उष्ट्यांच्याच पैशांतला, असं सांगून.

मी उरणची. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात नोकरी करते. परदेशातून आलेला कंटेनर तपासणीसाठी उघडतात तेव्हा माल मागवणाऱ्याच्या वतीने कुणीतरी समोर उभं राहावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे मी. सील तुटतं, दार उघडतं, आत काय आहे ते अधिकारी बघतात, मी फोटो काढते, दार बंद होतं. हे यार्ड आहे तिथून हाकेच्या अंतरावर आमच्या आजोबांचं मिठागर होतं. बंदर आलं, मिठागरं गेली, भावांनी ट्रेलर घेतले आणि मी यार्डात लागले. मला त्याचं फारसं दुःख नाही. खाऱ्या पाण्यात पाय फाटेस्तोवर राबणं मी लांबूनच पाहिलं, आणि तेवढं मला पुरलं. आत्याचं मात्र सगळं लहानपण त्या बांधांवर गेलेलं. तिला लग्न करून खाडीपलीकडे दिली, पुढे तिचे यजमान गेले, तिने एक वजनकाटा मिळवून भंगार घ्यायला सुरुवात केली. पण डोक्यातून मीठ गेलं नाही ते नाहीच.

मिठागरावर एक रीत होती. उन्हाळ्यात पिकलेलं मीठ सगळंच्या सगळं विकायचं नाही. मृग लागायच्या आधी उंचवट्यावर रास रचायची, गवताने शाकारायची, भोवती चर खणायचा आणि पावसाळाभर तशीच ठेवायची. त्या महिन्यांत नवं मीठ पिकत नाही, जुनं संपत येतं, आणि दसऱ्याच्या सुमाराला भाव वर जातो. शिवाय मिठातला कडवटपणा निथळून जातो, ते वेगळंच. ज्याच्याजवळ पावसाळा काढलेली रास, तो गावात ताठ मानेने चालायचा. आणि रास उचलल्यावर एक टोपली मीठ त्याच जागेवर ठेवायचं, जागा उघडी पडू द्यायची नाही, हा आमच्या घरचा नेम.

आत्याने ही रीत पुठ्ठ्याला लावली. आता हे ऐकायला वेडेपणाचं वाटेल, पण पहिल्या वर्षी तिचं म्हणणं खरं ठरलं, आणि तिथेच घोटाळा झाला. साथीच्या दिवसांत तिचा माल उचलायला कुणी येईना. वाया जाऊ नये म्हणून तिने मिठासारखी रास रचून झाकून ठेवली. पावसाळा संपला आणि पुठ्ठ्याचा भाव असा चढला की तिचा व्यापारी दारात उभा राहून विनवू लागला. आत्याने उरणला फोन करून माझ्या वडिलांना सांगितलं, रास ती रास, दादा. वडील दिवसभर खूश होते.

भाव कशाने चढला होता ते मला माहीत होतं. त्या काळात जहाजांवर जागा मिळत नव्हती, कंटेनर जिथल्या तिथे अडकलेले. परदेशातली रद्दी येईना, म्हणून कागद गिरण्यांनी इथली रद्दी दिसेल त्या भावाने उचलली. पावसाचा त्यात काही संबंध नव्हता. मी आत्याला तेव्हाच सांगितलं. ती म्हणाली, "व्हय, पण चरला दसऱ्यालाच ना?" म्हणजे चढला.

पुढच्या वर्षी जहाजं मोकळी झाली. आमच्या यार्डात रद्दीचे कंटेनर एकामागोमाग एक यायला लागले. दार उघडलं की आंबूस वास तोंडावर यायचा आणि तारेने बांधलेल्या गासड्यांची भिंत दिसायची. परक्या अक्षरांतले खोके, दुधाच्या पुठ्ठ्याच्या डब्या, मधेच अडकलेली प्लास्टिकची पिशवी, सणाच्या सजावटीची चमकी. तिकडच्या कुठल्या गावातल्या माणसांनी काय खाल्लं, काय विकत घेतलं, ते सगळं मला फुकट बघायला मिळायचं. सुरुवातीला गंमत वाटली. मग एक दिवस लक्षात आलं की नागावच्या सोमवारच्या पोत्यात असतं तेच हे, फक्त समुद्र ओलांडून आलेलं.

ते इतक्या लांबून येऊन स्वस्त कसं पडतं, हे मी आत्याच्या व्यापाऱ्याकडून समजून घेतलं. तो रेवदंड्याकडचा, पिढ्यान् पिढ्या व्यापार करणाऱ्या घरातला मुसलमान माणूस, भाऊ आखातात, हा इथे टेम्पो घेऊन रद्दीत. आत्याला तो आपा म्हणायचा. पावसाळ्याच्या तोंडावर मी वखारीत असतानाच तो आला होता. खुर्ची पुढे ओढून बसला आणि म्हणाला, "आपा, आत्ता देऊन टाक. भाव पडलाय, मी लपवत नाही. पण पुढे आणखी पडंल."

आत्याने विचारलं, का पडंल?

"तिकडं हा कचरा उचलायला माणसाला मजुरी द्यायची म्हणजे परवडत नाही. कुणी घेऊन गेला तर ते दुवा देतात. आणि जहाजं माल घेऊन तिकडं जातात, येताना रिकामी यायची, मग नाममात्र भाड्यात हे भरून येतात. वर त्यांचा पुठ्ठा झाडापासनं नवा केलेला. आपला म्हणजे चार वेळा धुतलेलं लुगडं, आपा. गिरणीवाला कुठलं घेईल?"

हे मला पटलं. इतकं सरळ मला आमच्या साहेबांनीही कधी सांगितलं नव्हतं. आत्याने सगळं ऐकून घेतलं, त्याला सरबत दिलं आणि म्हणाली, दसऱ्याला ये.

तिचा जीव कशात अडकला होता ते तो गेल्यावर कळलं. वखारीच्या जागेच्या मालकाला जागा विकायची होती. शेजारी राहण्या-जेवणाच्या खोल्या काढलेल्या एकाला गाड्या लावायला ती हवी होती. पण मालक जुना माणूस, आत्याला म्हणाला होता, दिवाळीपर्यंत इसाराची रक्कम दिलीस तर तुला देतो, नाहीतर त्याला. आत्याने हो म्हणून टाकलं. इसार येणार होता त्या राशीतून. गेल्या वर्षीचा भाव मिळाला तर वखार कायमची तिची, नाहीतर दिवाळीनंतर काटा उचलून घरी. माझ्याशी ती हे बोलली ते राशीच्या बुडाला माडाचे ओंडके लावता लावता, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट.

रास तिने काय रचली होती! ओंडक्यांवर जुन्या फळ्या, फळ्यांवर पुठ्ठ्याचे थर, प्रत्येक थराला बाहेरच्या बाजूला उतार. वारा खेळायला पूर्वेकडच्या अंगाला फटी ठेवलेल्या. वर नारळाची झापं, त्यावर ताडपत्री, त्यावर पेंढा, आणि सगळ्यावर रेवदंड्याहून आणलेलं एक जुनं मासेमारीचं जाळं, कडेने दगड बांधून ताणलेलं. भोवती चर, चराचं पाणी वाडीच्या ओहोळात. दोन बाया हाताखाली होत्या, पण शेवटचं जाळं तिने स्वतः चढून टाकलं. तिचं वय बघून मी खालून ओरडत होते. ती वरून म्हणाली, "बाय, तू कंटेनर उघड, मी रास झाकतंय. ज्याचा त्याचा धंदा."

पाऊस सुरू झाल्यावर आजूबाजूच्या भंगारवाल्यांनी पुठ्ठा घ्यायचं बंद केलं. ओला माल, पडलेला भाव, कोण घेणार? मग सगळ्यांची पोती आत्याकडे वळली. तिचा दुसरा एक नेम होता: काट्यापर्यंत डोक्यावरून आणलेलं पुन्हा डोक्यावर द्यायचं नाही. भिजलेला पुठ्ठा ती वेगळा घ्यायची, शेडमध्ये दोरीवर धुण्यासारखा वाळत टाकायची आणि वाळला की राशीच्या आडोशाला नेऊन रचायची. कातकरवाडीवरून एक बाई किनारा चालत यायची, माझ्याच वयाची असेल, पण माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसणारी. ती मला म्हणाली होती, "बाकीचे बाटली घेतात, पुठ्ठा फेक म्हनतात. ही बाई घेते. तवा मी इकडंच येते." पुठ्ठा वजनाला जड असतो, बाटल्यांनी गोणी भरते पण काट्यावर काही दिसत नाही. त्या बाईची चूल पुठ्ठ्यावर होती. आणि आत्या तिला भाव देत होती तो दसऱ्याला येणाऱ्या भावाच्या भरवशावर. म्हणजे दोघींचीही चूल त्या जाळ्याखाली झाकलेली.

आषाढात मी पुन्हा गेले. करंज्याहून रेवसला जाणारी लाँच त्या दिवशी दोनदा थांबवली, तिसऱ्यांदा सोडली, आणि ओकत ओकत मी पलीकडे पोचले. रागाला निमित्त लागत नाही मला, त्यात हे. यार्डात त्या आठवड्यात रद्दीशिवाय दुसरं काही उघडलंच नव्हतं असं वाटत होतं. जेवायच्या आधीच मी तिला म्हटलं, आत्या, रास उघड आणि आहे त्या भावाला काढून टाक. दसऱ्याला भाव येणार नाही. मी डोळ्यांनी बघते आहे, रोज येतंय.

ती भाकरी थापत होती. "पावसाळ्यानंतर वर जातंच."

"मीठ जातं. पुठ्ठा नाही जात."

"मागच्या साली गेला."

"मागच्या साली जहाजं अडली होती म्हणून गेला. तुझ्या राशीने नाही."

तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. मग म्हणाली, "माझा बापूस दर साली रास झाकायचा. दर साली लोक त्याला सांगायचे, काढून टाक. त्याने कवा काढली न्हाय. आमचं घर त्याच्यावर उभं राह्यलं." आणि मग, मला समजावल्यासारखं, "मी काय गंमत म्हणून झाकलीय, बाय? मना दुसरं येतं काय?"

मी चिडले. तुमची सगळी पिढीच मिठाबरोबर वाहून गेली तरी तुमचं मिठाचं वेड जात नाही, असं काहीतरी बोलून मी न जेवताच निघाले. ती वाडीच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत, मागून आली आणि पिशवीत सुका जवळा कोंबला. लाँचवर माझ्या पिशवीचा वास सगळ्यांना येत होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी रजा काढून गेले. व्यापारी सकाळीच मोठा टेम्पो घेऊन आला होता. आत्याने राशीपुढे नारळ फोडला, मिठाच्या राशीपुढे फोडतात तसा. व्यापाऱ्याने टोपी सारखी केली आणि शांत उभा राहिला. मग बायांनी दगड सोडले, जाळं ओढलं, पेंढा काढला. पेंढा कुजून काळा पडला होता. ताडपत्रीवर पाण्याचं डबकं होतं, ते कलंडून आमच्या पायांवर आलं. झापांच्या खालची बाजू मात्र पिवळीच होती.

त्याखाली पुठ्ठा कोरडा होता.

मी आधी वरच्या थराला हात लावला, मग कडेच्या. मला वाटलं, वरवर असेल. व्यापाऱ्याने बाही वर केली आणि राशीच्या मधोमध कोपरापर्यंत हात खुपसला, जिथे माल हमखास सडतो. तो हात त्याने बराच वेळ आत ठेवला. बाहेर काढून बोटं एकमेकांवर घासली, नाकाला लावली. कोकणातला असा पावसाळा, आणि बोटांना ओल नाही. "आपा," तो म्हणाला, "अल्लाची कसम, पावसाळ्यानंतर असा माल मी कधी बघितला नाही." तो खरंच बोलत होता. मला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि मी ते लपवलेही नाहीत. आत्या हसत नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, पुढच्या वाक्याची वाट बघत.

व्यापाऱ्याने आधी बाही खाली केली. त्याने पाणी मागितलं. पाणी पिऊन झाल्यावर भाव सांगितला. तो पावसाळ्याच्या तोंडावर सांगितलेल्या भावाहूनही खाली होता.

"कोरडा हाय ना?" आत्याने विचारलं.

"कोरडा आहे."

"हात घातलास ना आत?"

"घातला, आपा. कोरडं असलं की गिरणीत वजन कापत नाहीत, एवढंच. भाव कोरड्याचा नाही राहिला. तुझ्यासाठी मी माझा सगळा नफा सोडलाय, माझ्या घरी विचार."

आत्याने एकदा राशीला हात लावला, गुरांच्या पाठीला लावतात तसा. मला वाटलं ती भांडेल, निदान आणखी महिनाभर थांबते म्हणेल. मला तर तिच्या वतीने भांडायचं होतं, पण कुणाशी भांडायचं तेच कळेना. समोरचा माणूस खोटं बोलत नव्हता. ज्यांनी ते खोके टाकून दिले त्यांना आमचं गावही ठाऊक नव्हतं. आत्याने पदर खोचला आणि बायांना म्हणाली, "भरा."

टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. ती बसली नाही, प्रत्येक थर स्वतः उचलून देत राहिली. दुपारी फळ्या उघड्या पडल्या, मग ओंडके. शेवटचा गठ्ठा माझ्या हातात होता. मला आमच्या घरचा नेम आठवला. मी तो गठ्ठा गाडीत न देता राशीच्या जागेवर, मधोमध, ठेवला.

आत्या काट्याजवळून चालत आली. गठ्ठ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"उचल तो."

"आत्या, जागा उघडी..."

"मीठ असता तर ठेवला असता." तिचा आवाज चढलेला नव्हता. "मिठाचा पाऊस आपल्या डोक्यावर पडायचा, बाय. कवा लागतो, कवा उघडतो, माझ्या बापसाला कलायचं. याचा पाऊस कुठं पडतंय, मना म्हाईत न्हाय."

मी गठ्ठा उचलून टेम्पोत दिला. तिने खराटा घेतला आणि ती जागा झाडून काढली, ओंडक्यांच्या खालची मातीसुद्धा.

दिवाळीनंतर तिथे फरशा बसल्या. आता शनिवारी गाड्या लागतात. काटा आत्याच्या पडवीत आहे, त्यावर ती तांदूळ मोजते. कातकरवाडीवरची ती बाई दोन-तीन सोमवार गोणी घेऊन घरापर्यंत आली, आत्याने घेतली, पण ठेवणार कुठे आणि देणार कुणाला. मग ती यायची थांबली. गेल्या खेपेला मी नागावच्या किनाऱ्यावर गेले तेव्हा सुरूच्या झाडांखाली खोक्यांचा ढीग भिजत पडला होता. बाटल्या वेचून नेलेल्या, पुठ्ठा तसाच.

दसऱ्याची ती रजा संपवून मी यार्डात परतले होते त्या दिवशी पहिलाच कंटेनर रद्दीचा होता. सील तुटलं, दार उघडलं, वास आला, गासड्यांची भिंत दिसली. अधिकाऱ्यांनी बघायचं ते बघितलं, मी फोटो काढले. दार लावायच्या आधी मी कुर्त्याची बाही वर केली आणि दोन गासड्यांच्या मधून कोपरापर्यंत हात आत घातला. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत राहिला.

आत ओलं होतं. बोटांना लागलेला लगदा मी ओढणीला पुसला, आणि ट्रेलर गिरणीकडे गेला.